पत आणि खताची गोणी

नाशिकरोडच्या मुद्रणालयात 1928 पासून नोटा छापल्या जात आहेत. परंतु त्या यंत्रावर डॉलर निघत नाही. देशाच्या पतीचा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

1990-91 साली आखाती युद्धामुळे तेल कडाडले आणि परकी पतमापन संस्थांनी भारताची पत खाली उतरविली. उधारीवरची आयात वर्षानुवर्षे चालूच होती, तेव्हा सारा दोष त्यांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. पण शेरा कागदावर राहिला नाही. परकी बँका अल्पमुदतीची कर्जे पुढे चालू ठेवीनात, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेऊ लागले. परकी चलन जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते उरले. जुलै 1991 मध्ये सुमारे 47 टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे गहाण पडले, रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले, आणि 24 जुलैच्या अर्थसंकल्पाने खते सरासरी 40 टक्क्यांनी महाग केली. ओरड झाल्यावर वाढ 30 टक्क्यांवर आली. निफाडच्या द्राक्षबागाईतदाराने परकी कर्ज काढले नव्हते. गोणी मात्र त्यालाच महाग पडली.

ऑगस्ट 2025 मध्ये स्टँडर्ड अँड पुअर्सने भारताची पत 18 वर्षांनी एक पायरी वर नेली. कंपन्यांची पत सहसा सरकारच्या पतीहून वर धरली जात नाही, म्हणून परदेशातले त्यांचे व्याजही यामुळे उतरू शकते. हा उतार गोणीपर्यंत पोचतो का, ते दिसायचे आहे.