अठराव्या वर्षी खेळाडू कसा ओळखायचा? एएफएल ड्राफ्टची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी.)

इयरफोन लावलेत ना? बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर भांडी घासत असाल, चालतंय. आज क्रिकेट नाही, आणि आपला नेहमीचा फुटबॉलही नाही. आज बोलायचंय ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलबद्दल. तिकडे लोक त्याला लाडाने 'फुटी' म्हणतात. त्यातही एका खास गोष्टीबद्दल: दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास होणारा एएफएलचा ड्राफ्ट. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या पोरांमधून क्लबांनी एकेक करून खेळाडू निवडायचे, तो कार्यक्रम.

आधी दोन मिनिटांत खेळ समजून घेऊ. बॉक्सिंग डे टेस्टमुळे मेलबर्नचं एमसीजी आपल्या ओळखीचं आहे. त्याच मैदानावर सप्टेंबरच्या शेवटी फुटीची ग्रँड फायनल होते. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेला चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला की एक. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण ठरावीक अंतराने तो जमिनीवर टप्पा पाडून घ्यावा लागतो. सहकाऱ्याला द्यायचा तर लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून द्यायचा, फेकायचा नाही. आणि गंमत म्हणजे 1858 मध्ये 'हिवाळ्यात क्रिकेटपटूंना तंदुरुस्त राहायला काहीतरी खेळ हवा' असं पत्र लिहिणारा टॉम विल्स स्वतः क्रिकेटर होता. पुढच्याच वर्षी, 1859 मध्ये, या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले.

आता ड्राफ्ट. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहितीय. ज्याच्या खिशात पैसे, त्याने बोली वाढवायची. इथे तसं नसतं. इथे रांग असते, आणि ती उलटी असते. गेल्या मोसमात जो क्लब तळाला होता, त्याला पहिली निवड. जो जिंकला, तो शेवटी. कमजोर संघाला चांगला खेळाडू मिळावा आणि स्पर्धा बरोबरीची राहावी, हा हेतू. 1986 पासून हे चालू आहे. या निवडीच्या क्रमांकाला 'पिक' म्हणतात: पिक 1, पिक 2, असं. क्लब आपापले पिक एकमेकांना देऊन खेळाडू किंवा दुसरे पिकही घेऊ शकतात.

आणि एक लक्षात घ्या. पोराला इथे चॉइस नसतो. ॲडलेडचा मुलगा पर्थच्या क्लबने घेतला, की बॅग भरायची. अर्धा देश ओलांडून, आईवडील मागे ठेवून. म्हणजे एका संध्याकाळी कुणीतरी तुमचं नाव पुकारतो, आणि पुढची काही वर्षं तुम्ही कुठल्या शहरात राहणार हे ठरतं. तुमच्यापैकी ज्यांनी कॅप राउंडची यादी मोबाइलवर रिफ्रेश करत बसलेली रात्र काढलीय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तर प्रश्न असा: अठरा वर्षांच्या मुलाकडे बघून, तो पंचविसाव्या वर्षी कसा खेळेल हे कसं ओळखायचं? आपल्याकडे म्हणतात, बाळाचे पाय पाळण्यात दिसतात. बघू या, खरंच दिसतात का.

सुरुवात मोजता येण्यासारख्या गोष्टींपासून. ड्राफ्टच्या आधी निवडक मुलांना चाचण्यांसाठी बोलावतात. त्याला 'कम्बाइन' म्हणतात. वीस मीटर धावणं, दोन किलोमीटर धावणं, उभ्याने उडी, पळत येऊन उडी, वळणावळणाची चपळाईची शर्यत. वीस मीटर 3 सेकंदांच्या आत म्हणजे पोरगा वेगवान. दोन किलोमीटर 6 मिनिटांच्या आसपास म्हणजे दमसास जबरदस्त. आणि तो लागतोच, कारण मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात बारा-पंधरा किलोमीटर पळतो. शिवाय उंची. मध्यभागी उडी मारून चेंडू ढकलणारा जो 'रक' असतो, तो बहुतेक वेळा दोन मीटरच्या आसपास किंवा वरच असतो.

हे आकडे उपयोगाचे आहेत. पण ते फक्त इंजिन दाखवतात, गाडी कशी चालवतो ते नाही. सामन्यात सरळ रेषेत वीस मीटर मोकळं पळायला किती वेळा मिळतं? चेंडू कुठे पडणार हे आधी ओळखणारा मुलगा दोन पावलं आधीच निघालेला असतो. घड्याळात तो मंद, मैदानात तोच पहिला.

म्हणून निवडणारे लोक, ज्यांना 'रिक्रूटर' म्हणतात, वर्षभर गावोगाव फिरतात. व्हिक्टोरियात अठरा वर्षांखालच्या मुलांची लीग आहे, कोट्स टॅलेंट लीग. दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एसएएनएफएल आणि डब्ल्यूएएफएल या जुन्या लीग आहेत. शिवाय राज्याराज्यांमधली अठरा वर्षांखालची राष्ट्रीय स्पर्धा. हे सगळं बघताना ते काय शोधतात? मी चार गोष्टी सांगते. तुम्ही हायलाइट्स बघाल तेव्हा याच वापरून बघा.

पहिली गोष्ट: चेंडू किती वेळा मिळाला, यापेक्षा कसा मिळाला. समजा एका पोराच्या नावावर तीस वेळा चेंडू खेळल्याची नोंद आहे. त्यातले वीस वेळा जर तो बाजूला मोकळा उभा होता आणि कुणीतरी त्याला सोपा पास दिला, तर त्या तीसचं वजन कमी. चार जण अंगावर पडलेले असताना त्याने स्वतः खाली वाकून चेंडू काढला, तर दहा वेळाही पुष्कळ झाले.

दुसरी: लाथ. दोन्ही पायांनी मारतो का? पळता पळता मारतो का? मागून कुणी धरायला आल्यावर त्याचा पास पोचतो, की घाईत कुठेही भिरकावतो? ताकद पुढे जिममध्ये वाढवता येते. पण अठराव्या वर्षापर्यंत लाथेत नेमकेपणा आला नसेल, तर तो नंतर आणणं अवघड जातं.

तिसरी: चूक झाल्यानंतरचे पाच सेकंद. हे हायलाइट्समध्ये दिसत नाही, पूर्ण सामनाच बघावा लागतो. चेंडू हातून निसटला, की पोरगा कंबरेवर हात ठेवून उभा राहतो, की उलटा वळून पाठलाग करतो? रिक्रूटर यासाठी मैदानावर जाऊन बसतात. कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यांची नजर त्या मुलावर राहते.

चौथी: तो कुणाविरुद्ध खेळतोय? अठरा वर्षांखालच्या सामन्यात अंगाने लवकर भरलेला मुलगा बाकीच्यांना सहज ढकलून देतो. दोन वर्षांनी बाकीचेही भरतात, मग त्याच्याकडे वेगळं काय उरतं? म्हणून एखादा पोरगा मोठ्या माणसांच्या संघात खेळून टिकला असेल, तर त्या पुराव्याला जास्त किंमत. 2021 चा पहिला पिक जेसन हॉर्न-फ्रान्सिस हा त्याच वर्षी एसएएनएफएलमध्ये मोठ्यांच्या संघात खेळत होता.

यालाच जोडून, जन्मतारीख बघा. एका वर्षात जन्मलेले सगळे एकाच ड्राफ्टमध्ये येतात. म्हणजे जानेवारीचा मुलगा डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळपास वर्षाने मोठा. त्या वयात एक वर्ष म्हणजे किती फरक! दोघं आज सारखेच खेळत असतील, तर मी डिसेंबरवाल्याकडे दोनदा बघेन.

आता एक खरा ड्राफ्ट घेऊ. 2001. जाणकार अजूनही याला 'सुपर ड्राफ्ट' म्हणतात. पहिला पिक हॉथॉर्नने घेतला, ल्यूक हॉज. दुसरा सेंट किल्डाने, ल्यूक बॉल. तिसरा वेस्ट कोस्टने, ख्रिस जड. जडच्या खांद्यांच्या दुखापतींमुळे लोक साशंक होते. पुढे काय झालं? जडने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा मिळवलं, 2004 आणि 2010 ला. मग हॉथॉर्न चुकलं का? नाही. हॉजने चार विजेतेपदं जिंकली, त्यातली 2013 ते 2015 ची सलग तीन कर्णधार म्हणून. बॉलनेही 2010 ला कॉलिंगवूडकडून विजेतेपद मिळवलं. तिघांचंही चांगलंच झालं.

पण खरी गंमत खाली आहे. पिक 36, सॅम मिचेल. आदल्या वर्षी त्याला कुणी घेतलंच नव्हतं. पळायला मंद, असा शिक्का. हॉथॉर्नने घेतला. त्याने 2008 ला कर्णधार म्हणून विजेतेपद जिंकलं, एकूण चार जिंकली, 2012 चं ब्राउनलोही त्याच्या नावावर आहे, आणि आज तो त्याच क्लबचा प्रशिक्षक आहे. पिक 58, डेन स्वॉन: 2011 चं ब्राउनलो. आणि जीलाँगने त्या एका ड्राफ्टमध्ये जिमी बार्टेल (पिक 8), जेम्स केली (17), स्टीव्ह जॉन्सन (24) आणि गॅरी एब्लेट ज्युनियर (40) असे चौघं उचलले. पुढे 2007, 2009, 2011 अशी तीन विजेतेपदं. आज हे वाचून वाटतं, किती सोपं होतं! त्या रात्री मात्र ते कुणालाच सोपं नव्हतं.

एब्लेट चाळीसावा का? कारण 'फादर-सन' नियम. वडील त्या क्लबकडून पुरेसे सामने खेळले असतील (आता ही अट 100 सामन्यांची आहे), तर मुलावर त्या क्लबचा पहिला हक्क. तेव्हा तो स्वस्तात मिळायचा. आता दुसऱ्या क्लबने त्या मुलासाठी पिक लावला, की हक्काच्या क्लबला तेवढ्या गुणांचे आपले पिक मोजावे लागतात. 2021 ला निक डेकॉस असाच वडिलांच्या कॉलिंगवूडकडे गेला, पण चौथ्या पिकवर. यावर तिकडे दरवर्षी वाद होतो. तळाच्या क्लबला मदत करायला रांग बनवली, आणि रांगेत मधूनच घराण्याचा दरवाजा. माझं मत विचाराल, तर नियम राहू दे, पण किंमत पूर्ण मोजायला लावा.

आता शिक्क्यांबद्दल. केलेब डॅनियल, उंची 168 सेंटीमीटर. या खेळात म्हणजे अगदीच बुटका. 2014 ला पिक 46. दोन वर्षांत वेस्टर्न बुलडॉग्जकडून विजेता, 2020 ला ऑल-ऑस्ट्रेलियन संघात. जेम्स हर्ड, 1990, पिक 79. पुढे एसेंडनचा विजेता कर्णधार. आणि मार्लियन पिकेट. तरुणपणी तुरुंगात जाऊन आलेला, 27 व्या वर्षी 2019 च्या मोसमाच्या मधल्या ड्राफ्टमध्ये रिचमंडने घेतला. त्याचा पहिलाच सामना कुठला? ग्रँड फायनल! एक गोल मारला, आणि संघ 89 गुणांनी जिंकला.

उलट बाजूही बघू. 2008 चा पहिला पिक जॅक वॉट्स. 2009 ला पहिला सामना खेळला तेव्हा तो अजून बारावीत होता. दुसरा पिक निक नायटानुई होता, त्यामुळे आयुष्यभर तुलना. वॉट्स दीडशेहून जास्त सामने खेळला. हे काय कमी आहे? पण 'पहिला पिक' म्हटल्यावर लोकांना ते कमीच वाटलं. 2013 चा पहिला पिक टॉम बॉयड. 2016 ची ग्रँड फायनल बुलडॉग्जने जिंकली, त्यात त्याने तीन गोल मारले. आणि 2019 ला, 23 व्या वर्षी, निवृत्त झाला. आपल्या मानसिक त्रासाबद्दल तो नंतर मोकळेपणाने बोललाय. त्याच ड्राफ्टमध्ये चौथा होता मार्कस बॉन्टेम्पेली, आणि तेरावा पॅट्रिक क्रिप्स, ज्याने दोनदा ब्राउनलो जिंकलं.

आता मुद्द्यावर येते. दर नोव्हेंबरला चाहते आपापल्या अंदाजाच्या याद्या टाकतात. मजा असते, मीही वाचते. पण त्या यादीतला मुलगाही मोबाइल वापरतो. आपल्याबद्दल लिहिलेलं सगळं तो वाचतो, त्याची आई वाचते. 'डाव्या पायाने मारत नाही' हे लिहा, ते खेळाबद्दल आहे, त्यावर तो काम करू शकतो. 'याचं काही होणार नाही' हे लिहायला आपल्याकडे काय पुरावा असतो? मिचेलबद्दल 2000 साली सगळ्या क्लबांच्या पगारी जाणकारांचं तेच मत होतं. आणि वर्षभर व्यावसायिक नजरेने बघणाऱ्यांची ही स्थिती, तर दोन मिनिटांची रील बघून आपण काय सांगणार?

मग पाय पाळण्यात दिसतात का? थोडे दिसतात. लाथ दिसते, नजर दिसते, चुकीनंतरची धाव दिसते. शरीर किती साथ देईल, घरापासून लांब तो कसा राहील, कसा प्रशिक्षक मिळेल, हे दिसत नाही. पिक क्रमांक म्हणजे त्या एका संध्याकाळी एका क्लबने, स्वतःच्या गरजेप्रमाणे लावलेला अंदाज. ज्या मुलांचं नाव त्या रात्री पुकारलंच जात नाही, त्यांच्यासाठी राज्यांच्या लीग आहेत, रुकी ड्राफ्ट आहे, मोसमाच्या मधला ड्राफ्ट आहे. पिकेट तिथूनच आला.

तर या वेळी काम तुम्हाला. या मोसमात कुठलाही एक तरुण खेळाडू निवडा. फुटीचा नसला तरी चालेल, कबड्डीचा घ्या, तुमच्या गल्लीतल्या टेनिस बॉल टीमचा घ्या. पूर्ण सामना फक्त त्याच्याकडे बघा, चेंडूकडे नाही. आणि काय दिसलं ते मला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या भागात ऐकवेन.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!