रात्रीच्या पाळीत सिस्टर किती?

आज घाटीबद्दल बोलू. आपल्या संभाजीनगरात 'घाटी' म्हटलं की पुढे दवाखाना म्हणावं लागत नाही. जालना, बीड, पार बुलढाण्याहून पेशंट इथे येतात. मंजूर खाटा ११७७.

ऑक्टोबर २०२३ आठवतोय? नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ मृत्यू, आणि लगोलग घाटीतून १८ मृत्यूंची बातमी. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पेशंट फार उशिरा, गंभीर होऊन येतात, असं तेव्हा सांगितलं गेलं. ते खरंही आहे. पण मग अशा पेशंटवर जास्तच नजर हवी ना?

डॉक्टर राउंड घेऊन जातात. रात्री दोनला बीपी उतरतंय, सलाईनची जागा सुजलीय, हे कोण बघतं? सिस्टर. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, ती मॉनिटरिंग आहे. मॉनिटरिंग नसलं म्हणून सर्व्हर लगेच पडत नाही. पडलेला उशिरा कळतो, एवढंच.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो: मेडिकल कॉलेजच्या जनरल वॉर्डात ३ खाटांमागे १ नर्स. ऐकायला मस्त! पण ती तीन पाळ्यांत वाटायची, म्हणजे एका पाळीत ९ खाटांना एक. आणि खरी मेख पुढेच आहे. हिशेब खाटांचा, पेशंटचा नाही. सरकारी दवाखाना कुणाला परत पाठवत नाही. खाटा भरल्या की जमिनीवर गादी. त्या गादीवरचा माणूस पदांच्या हिशेबात नसतो, पण त्याचं इंजेक्शन त्याच सिस्टरला द्यायचं असतं.

याने फरक पडतो का? लिंडा एकन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या १६८ दवाखान्यांचा अभ्यास मांडला. ऑपरेशन झालेल्यांमध्ये, नर्समागे एकेक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यांची तुलना ४ पेशंट की ८, अशी होती. आपण कागदावरच ९ पासून सुरू करतो!

मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी नर्स संपावर गेल्या. मुख्य विरोध आउटसोर्सिंगने होणाऱ्या भरतीला होता. 'पेशंटचं काय?' असं लोक विचारत होते. अहो, मागणी पेशंटच्याच कामाची होती की! कंत्राटावरची मुलगी वॉर्ड शिकते, हात बसतो, आणि कंत्राट संपतं. पुन्हा नवी.

माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं, मंजूर पदं किती, भरलेली किती. मी तिसरा प्रश्नही जोडीन: अमुक तारखेच्या रात्री मेडिसिन वॉर्डात पेशंट किती होते, आणि सिस्टर किती?