दिव्याचा रंग आणि चित्राचा रंग



विद्यार्थ्यांची चित्रे, हस्तकलेच्या वस्तू व वर्गातील कार्यक्रम यांची छायाचित्रे घेण्याचे काम आता आपल्यापैकी पुष्कळांकडे आले आहे. मागे एकदा मी तिसरीतील एका मुलीच्या चित्राचे छायाचित्र वर्गात फ्लॅश लावून घेतले. तिने रंगविलेली झेंडूची पिवळीधमक फुले छायाचित्रात फिकट व हिरवट उतरली आणि पांढरा कागद निळसर झाला. ते पाहून ती म्हणाली, "गुरुजी, हे माझं चित्र नव्हे." तिचे म्हणणे खरे होते. चूक माझी होती. कॅमेऱ्यावरील श्वेतसंतुलन आदल्या दिवशीच्या बल्बच्या उजेडासाठी लावलेले होते, ते मी बदलले नव्हते.

प्रत्येक प्रकाशाला स्वतःचा रंग असतो. तो केल्विन या मापाने सांगतात. तारेच्या बल्बचा तांबूस उजेड सुमारे २८०० केल्विनचा, तर दुपारच्या उन्हाचा व फ्लॅशचा सुमारे ५५०० केल्विनचा असतो. आकडा वाढतो तसा उजेड निळसर होत जातो. आपली दृष्टी हा फरक नकळत सावरून घेते. कॅमेऱ्याला मात्र पांढरे कोणते, हे सांगावे लागते. हे सांगणे म्हणजेच श्वेतसंतुलन होय. ते कॅमेऱ्यावर सोपविले, तर चित्रातील भरपूर पिवळा रंग हा उजेडाचाच दोष समजून तो पुष्कळदा कमी करतो.

म्हणून फ्लॅश वापरताना प्रथम फ्लॅशचे चिन्ह असलेले श्वेतसंतुलन निवडावे. अधिक अचूकता हवी असल्यास चित्राच्या जागी करड्या रंगाचे कार्ड किंवा कोरा पांढरा कागद ठेवून, त्याच फ्लॅशने, तेवढ्याच अंतरावरून एक छायाचित्र घ्यावे व त्यावरून कॅमेऱ्याला संतुलन ठरवू द्यावे. कागद अतिप्रकाशाने जळून गेलेला नसावा, एवढे पाहावे.

खरी अडचण येते ती दोन उजेड मिसळल्यावर. अंतर दुप्पट झाले की फ्लॅशचा प्रकाश एकचतुर्थांश उरतो. त्यामुळे २ मीटरवरील मुले फ्लॅशने उजळतात. ४ मीटरवरील मुलांवर बल्बच्या तांबूस उजेडाचा प्रभाव अधिक राहतो. एकच संतुलन दोघांना पुरत नाही. अशा वेळी शक्य तर बल्ब मालवावेत. ते शक्य नसल्यास फ्लॅशवर त्यासाठी मिळणारा नारिंगी पारदर्शक पडदा लावून संतुलन बल्बचे ठेवावे; म्हणजे दोन्ही उजेड एकाच रंगाचे होतात. फ्लॅश भिंतीवर परतवून वापरावयाचा, तर ती भिंत पांढरी असावी. हिरव्या भिंतीवरून परतलेला उजेड मुलांचे चेहरे हिरवट करतो.

ही खटपट क्षुल्लक वाटेल. परंतु चित्र घरी गेल्यावर शाळेत राहते ते त्याचे छायाचित्रच. पुढे ते पाहणाऱ्याला मुलाने निवडलेला रंगच दिसला पाहिजे. त्या मुलीच्या चित्राचे छायाचित्र मी दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतले. तिने ते बराच वेळ निरखले आणि मान डोलावली.