घाटांतील गाडी आणि उतरणीचें गणित

नगरहून पाथर्डीला जातांना करंजीचा घाट लागतो. पाथर्डी तालुक्यांतील पुष्कळ कुटुंबें दरसाल ऊसतोडणीसाठीं बाहेरगांवीं जातात. बैल, जूं आणि चाक यांचा परिचय त्यांच्या मुलांना पुस्तकाच्या आधीं होतो. तरीसुद्धां पदार्थविज्ञानाच्या तासाला फळ्यावर उतरण काढली, तिच्यावर एक चौकोन बसविला आणि घर्षण किती असें विचारलें, कीं हींच मुलें गोंधळतात. त्यांची बुद्धि कमी पडते असें नव्हे. फळ्यावरील तो चौकोन म्हणजे घाटांतली गाडी, हें त्यांना कोणी सांगितलेलें नसतें.

आरंभ वजनापासून करावा. वजन नेहमीं सरळ खालीं ओढतें. वस्तु उतारावर ठेवली म्हणून तें तिरपें होत नाहीं. मात्र त्याचे दोन भाग कल्पितां येतात. एक उतारावरून खालीं ओढतो, दुसरा पृष्ठभागावर काटकोनांत दाबतो. दगड ५० किलोग्रॅमचा व कोन ३० अंशांचा असेल, तर ओढ २५ किलो वजनाइतकी व दाब सुमारें ४३.३ इतका येतो. घर्षण ओढीवर नव्हे, दाबावर अवलंबून असतें. आमाँताँ या फ्रेंच संशोधकानें १६९९ सालीं हा नियम मांडला, आणि पुढें कूलाँबनें प्रयोगांनीं तो दृढ केला. घर्षणांक ०.४ धरला, तर घर्षण अधिकांत अधिक १७.३ होईल. दगड घसरणारच, आणि सरकतांनाहि तोच अंक धरल्यास उरलेल्या ७.७ च्या जोरानें त्याचा वेग दर सेकंदाला सुमारें दीड मीटरनें वाढत जाईल.

‘अधिकांत अधिक’ हे शब्द परीक्षेंत हटकून विसरले जातात. तीच फळी १० अंशांवर आणा. आतां ओढ ८.७, आणि घर्षणाची मर्यादा १९.७. विद्यार्थी घर्षण १९.७ असें लिहून मोकळा होतो. तें खरें असतें, तर दगड आपल्या पायांनीं उतरण चढून गेला असता! घर्षण हा मोजून खर्च करणारा गृहस्थ आहे, गरज ८.७ ची, तर तो तेवढेंच देतो.

फळी हळूहळू उचलीत गेल्यास सुमारें २२ अंशांवर दगड सुटतो. तेथें दगडाच्या वजनाचा संबंध नाहीं, कारण वजन वाढलें कीं ओढ आणि दाब दोन्ही सारख्याच प्रमाणांत वाढतात. खळ्यांतील बाजरीची रास लहान असो वा मोठी, तिच्या कडेचा उतार जवळजवळ तोच राहतो, तो याच कारणानें.

आतां गाडी. समजा, उसासह तिचें वजन २००० किलो आहे आणि रस्ता २० मीटर चालल्यावर १ मीटर चढतो. उताराची ओढ वजनाच्या विसाव्या हिश्शाइतकी, म्हणजे १०० किलो. चाकांचा व आंसाचा अडथळा ४० धरूं. सपाटीवर बैलांना ४० ओढावे लागतात, चढावर १४०. म्हणजे रस्ता डोळ्यांना जेमतेम तिरपा दिसतो, परंतु बैलांच्या मानेवरील ओढ साडेतीन पट झालेली असते. अशा ठिकाणीं चाबूक उगारणाऱ्या गाडीवानानें हा भागाकार एकदां तरी करून पाहावा.

उतरतांना १०० मधून ४० वजा होतात, कारण घर्षण नेहमीं गतीच्या उलट दिशेला असतें; चढतांना तें खालच्या बाजूस होतें, आतां वरच्या बाजूस आलें. उरलेले ६० जोखडावर पुढें रेटतात व ते बैलांना मागें धरून ठेवावे लागतात. आंसाला चांगलें वंगण घालून अडथळा २० वर आणला, तर चढ १२० वर उतरतो, पण उतारावरचा रेटा ८० वर जातो. म्हणून ज्याची गाडी हलकी चालते, त्यानें चाकाला दाबून धरणारा लाकडी ठोकळा घाट उतरण्यापूर्वीं तपासलेला बरा.