किल्ली कोणाच्या खिशात?
(श्रीपूर येथील ज्ञातिसंमेलनातील भाषण)



पुण्यास शिकावयास धाडलेल्या मुलांची चिंता आपणां सर्वांस आहे. १९ मे २०२४ रोजी उत्तररात्री कल्याणीनगरात १७ वर्षांच्या मुलाच्या मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते प्राणांस मुकले. मद्यप्राशनाचा आरोप असलेल्या त्या मुलास प्रथम जामीन मिळाला, तो ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर! लोक संतापले ते रास्तच.

‘तरुण पिढी बिघडली’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु महाराष्ट्रात बियरसाठी २१ व कडक मद्यासाठी २५ वर्षांची मर्यादा असता अल्पवयीनांचे पेले भरतो कोण? किल्ल्या देतो कोण? २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीनाने वाहन चालवून केलेल्या अपराधाबद्दल पालकास ३ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तेव्हा आज घरी गेल्यावर दारातल्या फटफटीची किल्ली कोणाच्या खिशात आहे, एवढे प्रत्येकाने पाहावे.