तबकडीभोवतीची मैफल
मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं वाजते. तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेब झिंझोटीतली ठुमरी गाऊन मोकळे होतात आणि ऐकणारे म्हणतात, ‘पुन्हा लावा!’

हा नाद एकट्याने पुरवण्यात मजा नाही. १९९०मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली, ती अशाच संग्राहकांच्या हौसेतून. कुणी तबकडी आणायची, कुणी माहिती पुरवायची. ऐकायचं मात्र सगळ्यांनी मिळून.

लेबल पुसट झालं तरी अगदी जुन्या ध्वनिमुद्रणांत गायक अखेरीस स्वतःच नाव सांगतात. गौहरजान तर चक्क इंग्रजीत! तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या तंत्रज्ञांना कलाकार ओळखता यावा, म्हणून ही सोय.