जाळ्यासमोर उभे राहताना



संस्कृतात कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात. मुंडकोपनिषदात तो विश्वोत्पत्तीचा दृष्टांत म्हणून येतो. तंतू आपल्यातूनच बाहेर काढणारा आणि पुन्हा आपल्यातच घेणारा, असे त्याचे वर्णन आहे. दृष्टांत तत्त्वज्ञानाचा असला, तरी त्यामागचे निरीक्षण रानातले आहे. चक्राकार जाळे विणणारे अनेक कोळी जुने जाळे गुंडाळून खरोखरच खातात, आणि त्यातील प्रथिने नव्या रेशमासाठी पुन्हा वापरली जातात. धागा मात्र नाभीतून निघत नाही. उदराच्या मागच्या टोकाशी असलेल्या बोटांसारख्या लहान अवयवांतून तो निघतो.

घराच्या आढ्याला लोंबणारी जळमटे आपण सर्वांनी पाहिलेली असतात. दसरा-दिवाळीला आपण ती झाडून काढतो. त्याच दिवसांत सह्याद्रीच्या रानात दोन झाडांच्या मध्ये ताणलेली भव्य जाळी पूर्ण वैभवात असतात. आज मी बोलणार आहे ते त्या जाळ्यांविषयी आणि त्यांच्या स्वामिनींविषयी.

स्वामिनी असे मी जाणूनबुजून म्हणतो. ‘जायंट वुड स्पायडर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजेच नेफिला पिलिपेस या जातीच्या कोळ्याचे उदाहरण घेऊ. पश्चिम घाटापासून ईशान्येकडील अरण्यांपर्यंत तो आढळतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही दिसतो. पूर्ण वाढलेल्या मादीचे शरीर तीन ते पाच सेंटिमीटर लांब असते, आणि पसरलेले पाय धरले तर ती माणसाच्या तळहाताएवढी भरते. काळसर उदरावर पिवळे पट्टे असतात. नर मात्र जेमतेम पाच-सहा मिलिमीटरांचा. एकाच जाळ्याच्या कडेला असे दोन-तीन नर असू शकतात. नवख्या माणसाला ती तिची पिले वाटतात. याखेरीज काही चिमुकले रुपेरी कोळीही तेथे वावरतात. ते वेगळ्या वंशाचे असून मालकिणीच्या जाळ्यात अडकलेल्या बारीकसारीक किड्यांवर गुजराण करतात. म्हणजे ज्याला आपण एक कोळी समजतो, ती एक लहानशी वस्तीच असते.

हे जाळे कसे उभे राहते? प्रथम वाऱ्यावर सोडलेला एक धागा पलीकडच्या फांदीला चिकटतो. मग चाकाच्या आऱ्यांसारखे कोरडे धागे केंद्रापासून ताणले जातात. त्यांवर कोरड्या धाग्याचे विरळ वेढे दिले जातात, आणि शेवटी किडे धरून ठेवणारे चिकट वेढे घातले जातात. बहुतेक चक्राकार जाळ्यांत ते कोरडे वेढे बांधकामाच्या परातीसारखे तात्पुरते असतात. चिकट वेढे घालता घालता कोळी ते काढून टाकतो. नेफिला ते तसेच ठेवते. तिचे सोनेरी झाक असलेले जाळे इतरांच्या जाळ्यांहून अधिक टिकाऊ असते. रोज सबंध जाळे नवे न करता ती त्याचा काही भागच नव्याने विणते. त्यामुळे एकच मादी एकाच ठिकाणी दिवसेंदिवस पाहता येते. निरीक्षकाच्या दृष्टीने हे मोठेच भाग्य होय.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या मादीला आठ डोळे असले, तरी तिची दृष्टी मंद असते. जाळ्याच्या केंद्राशी ती डोके खाली करून बसते आणि पायांनी धाग्यांतील कंप टिपते. किडा कोठे अडकला, केवढा आहे, की येणारा नर आहे, हे तिला त्या कंपांवरून उमगते. जाळे हे तिचे घर आणि सापळा तर आहेच. पण ते तिचे ज्ञानेंद्रियही आहे. म्हणून जाळ्याला लागलेला धक्का तिला भिंतीला लागलेल्या धक्क्यासारखा नसतो, तो थेट तिलाच लागतो.

भारतातील कोळ्यांचा शास्त्रीय अभ्यास प्रामुख्याने मृत नमुन्यांवर उभा आहे. आर. आय. पोकॉक यांचा ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. पुढे बी. के. टिकादर यांनी भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेत राहून शेकडो जातींची वर्णने केली. त्यांचा भारतीय कोळ्यांवरील मार्गदर्शक ग्रंथ १९८७ सालचा आहे. जाती ठरविण्यासाठी आजही पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना पाहावी लागते. केवळ छायाचित्र पुरत नाही. परंतु मद्यार्कात ठेवलेल्या कोळ्याचे रंग उडतात, आणि त्याचे जाळे तर बाटलीत येतच नाही. ही उणीव कॅमेरा भरून काढू शकतो. पीटर विट यांनी १९४८ पासून निरनिराळी औषधे दिलेल्या कोळ्यांच्या जाळ्यांची छायाचित्रे मोजून त्यांच्या वर्तनातील बदल दाखविला. १९७३ साली स्कायलॅब या अंतराळस्थानकात अराबेला आणि अनिता या दोन कोळ्यांनी वजनरहित अवस्थेत विणलेल्या जाळ्यांचीही छायाचित्रे घेण्यात आली. जाळ्याचे चांगले चित्र हा वर्तनाचा लेखी पुरावाच असतो.

असे चित्र घेण्याचे तंत्र अवघड नाही. सकाळचा तिरपा प्रकाश जाळ्याच्या मागून किंवा बाजूने येऊ द्यावा, आणि पार्श्वभूमीला सावलीतले झाड यावे. मग धागे आपोआप उजळतात. कॅमेरा जाळ्याच्या पृष्ठभागाला समांतर धरावा, म्हणजे सर्व धागे सारखे स्पष्ट येतात. वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत धीर धरावा. कोळ्याची पाठ आणि पोट अशा दोन्ही बाजूंची चित्रे घ्यावीत. मात्र एका बाजूकडून दुसरीकडे जाताना जाळ्याचे आधारधागे कोठवर पोहोचले आहेत हे आधी पाहावे. ते पुष्कळदा वाटेच्या पलीकडे गेलेले असतात.

पूर्वी जाळे ठळक दिसावे म्हणून त्यावर पीठ भुरभुरण्याची रीत होती, आणि आजही काहींना तिचा मोह पडतो. पिठाने चिकट धाग्यांचा चिकटपणा जातो. चित्र सुंदर येते, आणि कोळी उपाशी राहतो. काडीने डिवचून त्याला हालविणे, आड येणारी फांदी तोडणे, हेही त्याच जातीचे अपराध होत. मादीचे आयुष्य थोडे असते. पावसाळ्यात वाढून, पुरेसे खाऊन, तिला अंड्यांएवढे बळ मिळवायचे असते. जाळ्याचा धागा तिच्या शरीरातील प्रथिनांचाच बनलेला आहे; आपण तोडलेल्या धाग्याची किंमत ती त्याच तुटपुंज्या शिदोरीतून भरते.

अंड्यांच्या वेळी ती जाळे सोडून जमिनीवर उतरते, मातीत खळगा करून अंडी घालते आणि वर माती-पाचोळा लोटते. म्हणून ओळखीचे जाळे एके दिवशी ओस दिसले, तर पायांखालची भुई जपावी. पुढच्या वर्षीची जाळी तेथे पुरलेली असू शकतात.

ज्यांना अरण्य जवळ नाही, त्यांनी बागेतील ‘सिग्नेचर स्पायडर’ शोधावा. पाय जोडीजोडीने जुळवून तो फुलीसारखा बसतो आणि जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी काढतो. या नक्षीचे प्रयोजन काय, याविषयी शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. किडे आकर्षित करणे, शत्रूला चकविणे, पक्ष्यांना जाळे दिसावे अशी सोय करणे, असे अनेक तर्क मांडले गेले आहेत. एकच कोळी रोज पाहून नक्षी केव्हा असते आणि केव्हा नसते याची नोंद ठेवणे कोणत्याही शाळकरी मुलास जमेल.

चित्राबरोबर तारीख, वेळ, ठिकाण, जाळ्याची जमिनीपासूनची उंची, त्याचे तोंड कोणत्या दिशेला आहे आणि त्यात काय अडकले होते, एवढे वहीत लिहावे. या नोंदींवाचून चित्र केवळ शोभेचे राहते. आणि निघण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहावे. आपण आलो तेव्हा होते तेवढेच धागे जाताना शाबूत असले, तरच काम चांगले झाले असे समजावे.